जुन्या ट्रॅक्टरचं यार्ड, एक पुठ्ठा आणि तीन लाख शहाण्णव हजार

यार्डाचं नाव लिहीत नाही. मालकांशी व्यवहार झालाय, अजून एक-दोन होतील, आणि खाली मी जे लिहिणार आहे ते सगळंच काही त्यांना गोड लागणार नाही. पुणे-सोलापूर हायवेला लागून आहे एवढं पुरे. पत्र्याची मोठी शेड, समोर तीस-पस्तीस ट्रॅक्टर ओळीनं धुऊन-पुसून उभे, आत एसी लावलेलं ऑफिस, भिंतीवर पंढरीच्या विठोबाचा फोटो आणि खाली 'उधारी बंद'.

आमचं गाव माळशिरस तालुक्यात. सहा एकर. तीन एकर ऊस, बाकी मका, गहू, थोडी कडवळ. माझा नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार गावी. त्यामुळं शेतीचा हिशोब माझ्याकडं. बचत गटाची खातावणी बारा वर्षं लिहिलीय, त्यामुळं आकड्यांना घाबरत नाही. ट्रॅक्टर मात्र पहिल्यांदाच स्वतः घ्यायला निघाले. घरचा मॅसी १०३५, २००४ चा. त्यानं पुष्कळ केलं, पण आता चढाला ट्रॉली लावली की धापा टाकायचा.

दिवाळी झाल्यावर दिराचा मुलगा आणि मी यार्डात गेलो. यार्डाचे मालक उठून उभे राहिले, चहा सांगितला, आणि सरळ पोराकडं वळले. "काय बजेट आहे पाव्हणं?" पोरगं बावीस वर्षांचं. ते म्हणालं, काकींना विचारा. "वहिनी, तुम्ही निवांत आत बसा, बाहेर लय धूळ आहे. आम्ही गाड्या बघून येतो." मी वही काढली आणि बाहेर गेले. पुढचे तीन तास ते उत्तरं पोरालाच देत होते, प्रश्न मी विचारत होते. शेवटी यार्डाला पाचपैकी गुण दिलेत, त्यात याचा एक गुण कापलाय.

गाडी मनात भरली ती स्वराज ७४४ एफई, २०१६ चं मॉडेल. ४८ एचपी, तीन सिलिंडर. आमच्या भागात हिचा स्पेअर पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो, आणि ज्याचा पार्ट मिळतो त्याला जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं. मालकांनी सांगितलेली किंमत चार लाख पंच्याहत्तर हजार. "नवी आठ लाख चाळीसला जातीय वहिनी, निम्म्याच्या जरा वर आहे."

इथंच पहिला चिमटा. नवी आठ लाख चाळीसला जायची ती सप्टेंबरापर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. मूळ किंमत साडेसात लाख धरली तर पूर्वी ९० हजार कर लागायचा, आता साडेसदतीस हजार लागतो. म्हणजे तीच गाडी ७ लाख ८७ हजार ५०० ला. नवी साडेबावन्न हजारांनी उतरली, तर निम्म्या किमतीची जुनी निदान पंचवीस हजारांनी उतरायला नको का? मालक म्हणाले, जीएसटी नव्यावर असतो, जुन्याला काय संबंध? मी म्हटलं, निम्म्याचा हिशोब तुम्हीच नव्यावरून काढलाय की. त्यावर ते हसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले.

जुन्या ट्रॅक्टरची रास्त किंमत काढायची कशी, यावर मी यार्डात जायच्या आधी महिनाभर डोकं घातलं होतं. एका वाचकाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिते.

कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकात सोपं गणित आहे. ट्रॅक्टरचं आयुष्य दहा वर्षं, वर्षाला हजार तास, आणि शेवटी मूळ किमतीच्या दहा टक्के उरतात. हे भाच्याच्या कृषी पदविकेच्या वहीत सापडलं. २०१६ ला गाडी सहा लाख वीस हजारांची धरली, तर दरवर्षी ५५ हजार ८०० घट, नऊ वर्षांत पाच लाख दोन हजार दोनशे, उरले एक लाख सतरा हजार आठशे. हा आकडा घेऊन कुठल्याही यार्डात गेलात तर चहासुद्धा मिळणार नाही. हे गणित भाडं ठरवायला, तासाचा खर्च काढायला चांगलं आहे. बाजाराला त्याचं काही पडलेलं नाही. नवी गाडी पहिल्या दोन वर्षांत धाडकन उतरते, मग पुढं हळू उतरते, आणि एका ठिकाणी येऊन थांबते, कारण चालू स्थितीतल्या ट्रॅक्टरला कायम कुणीतरी घेणारा असतो. विम्याचाही तक्ता बघितला. त्यात पाचव्या वर्षापर्यंत पन्नास टक्के घट आहे, आणि पाच वर्षांपुढं 'दोघांनी मिळून ठरवा' असंच आहे. म्हणजे जिथं आपल्याला गरज सुरू होते तिथं तक्ता संपतो.

मग मोबाइलवरचं ॲप. मॉडेल, वर्ष, तास, टायर किती टक्के, जिल्हा कुठला, एवढं भरलं की किंमत सांगतं. मला सांगितली चार लाख दहा ते चार लाख साठ. पन्नास हजारांचा फरक असलेली किंमत ही किंमत नव्हेच, ते हवामान खात्याचं 'तुरळक ठिकाणी पाऊस' झालं. शिवाय ॲपवर ज्या जाहिराती असतात त्या मागितलेल्या किमतीच्या. मिळालेल्या किमतीच्या नव्हेत. म्हणून मी एक उद्योग केला. ज्या जाहिरातींवर 'विकला' लिहिलेलं होतं, तशा नऊ जणांना फोन लावले आणि सरळ विचारलं, दादा, शेवटी केवढ्याला गेला? तिघांनी फोन ठेवला. दोघांनी मलाच दुसरा ट्रॅक्टर विकायचा प्रयत्न केला. चौघांनी मात्र खरं सांगितलं, अगदी कागदपत्रांसकट. २०१५ ते २०१७ मधल्या ७४४, कागद साफ, टायर बरे: चार वीस, चार पस्तीस, चार पन्नास, चार पंचावन्न. सरासरी चार लाख चाळीस हजार. हा माझा पाया.

हे चार आकडे हातात असल्यानं यार्डात माझा आवाज खाली गेला नाही, एवढं सांगते.

आता मिस्त्री. आमच्या गावचेच, पंचवीस वर्षं ट्रॅक्टरच करतात. दिवसाचे दीड हजार, डिझेल आपलं, जेवण आपलं. दुसऱ्या खेपेला त्यांना घेऊन गेले. मिस्त्रींनी कुणाला नमस्कारसुद्धा करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. आम्ही येणार म्हणून गाडी आधीच चालू करून ठेवलेली, म्हणजे गार इंजिन चालू होताना काय त्रास देतं ते दिसू नये. मिस्त्री काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "अक्का, भूक लागलीय, जेवून येऊ." आम्ही समोरच्या धाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली, तिथंच झाडाखाली त्यांनी झोप काढली, आणि तीन तासांनी गेलो. गार इंजिनाला सेल्फ मारला. तिसऱ्या प्रयत्नाला घेतला, पांढरा धूर सोडून दोन मिनिटांत साफ झाला. "बॅटरी गेलीय, इंजिन नाही गेलं." मग ऑइल भरायचं झाकण काढून तसंच उलटं भोकावर ठेवलं. इंजिनाच्या रिंगा, लायनर गेले असले की आतल्या हवेनं झाकण नाचायला लागतं, उडूनही पडतं. हे थरथरलं, पण जागेवर राहिलं. मिस्त्री खूश. स्वराजचं इंजिन मुळात किर्लोस्करांच्या सहकार्यानं बनायला लागलेलं, "म्हणजे आपल्या पुण्याचंच रक्त," असं त्यांनी मालकांनाही ऐकवलं.

तासाचा मीटर २,९१४ दाखवत होता. नऊ वर्षांत म्हणजे वर्षाला सव्वातीनशे तास. मालक म्हणाले, घरगुती गाडी, बागायतदाराची, फक्त पेरणीला. मिस्त्रींनी मला मागं नेलं आणि ट्रॉलीच्या हुकात बोट घालून दाखवलं. पिनचं भोक गोल असायला पाहिजे. ते लांबट झालं होतं, अंड्यासारखं, आणि आतून आरशासारखं गुळगुळीत. "हे पेरणीनं होत नाही अक्का. दोन-दोन ट्रॉल्या उसाच्या ओढल्यात हिनं." मग ब्रेकचं पायडल. वरचं रबर नवं कोरं, पण रबराच्या कडेला उघडं लोखंड पाय घासून चकाकत होतं. क्लचचं पायडल निम्म्याच्या वर येईपर्यंत गाडी हलेना. उसाच्या गाडीचं सगळं इथंच जातं, क्लच, गिअर, क्राऊन, पुढचा एक्सल. मीटरवर फारसं विसंबू नये. केबलवर चालणारा मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर तास मोजतो, घड्याळावर नाही, आणि केबल काढून ठेवणं तर पोरखेळ आहे.

माझे वडील सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खोंड बघताना वय कळावं म्हणून आधी त्याचं तोंड उघडायचे. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. व्यापारी काहीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत. आणि मग रुमालाखाली हात, बोटांवर भाव, आजूबाजूच्याला पत्ता नाही. हुकाचं ते लांबट भोक बघून मला वाटलं, हेच हिचे दात.

लिफ्टला यार्डातलाच नऊ फणांचा कल्टिव्हेटर लावून उचलला आणि गाडी बंद केली. दहा मिनिटांत वीतभर खाली आला, म्हणजे हायड्रॉलिक ढिलं. पुढची चाकं उचलून हलवली, किंगपिनला, म्हणजे चाक ज्या पिनवर वळतं तिला, खडखडाट. मागच्या टायरची नक्षी निम्मी उरलेली, आणि त्यावर काळं पॉलिश. टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन्ही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी, ताडून बघितले, जुळले.

मग मिस्त्रींनी मालकांच्याच टेबलावरचा ऑइल फिल्टरचा रिकामा खोका फाडला आणि पुठ्ठ्यावर लिहायला मला सांगितलं. मागचे टायर निम्मे संपलेत, त्याचे २२ हजार. क्लच मजुरीसकट १३ हजार. हायड्रॉलिक साडेआठ हजार. बॅटरी ६ हजार. किंगपिन-बुश ४ हजार. आरटीओत नाव लावायचे एजंटासकट साडेसहा हजार. बेरीज साठ हजार. चार चाळीसमधून वजा केले, तीन लाख ऐंशी. हीच माझी रास्त किंमत. चांगली गाडी बाजारात जेवढ्याला जाते त्यातून ती चांगली करायला लागणारा खर्च काढायचा. एवढंच आहे हे. ॲपला हुकाचं भोक दिसत नाही.

मालकांनी पुठ्ठा वाचला. टायरचे बावीस हजार कापून अठरा केले, म्हणाले, टायरवरचाही जीएसटी अठरावरून पाचवर आलाय वहिनी, तुम्हीच सांगितलंत ना! दाद द्यावी असं उत्तर होतं. मी चार हजार सोडले.

आता कागद. गाडीवर बँकेचा बोजा दिसत होता. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की आरसीची मुदत, फायनान्स सगळं दिसतं, यार्डात उभं राहूनच बघता येतं. मालक म्हणाले, कर्ज भरलंय, बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आठवड्यात येईल. आठवड्यात येईल हे वाक्य मी बचत गटात शेकडो वेळा ऐकलंय. म्हणून ठरवलं, चाळीस हजार मागं ठेवणार. बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म आणि नाव-बदलाचे २९ आणि ३०, तिन्ही मूळ मालकाच्या सहीनं हातात आले आणि ॲपवर माझं नाव दिसलं की देणार. यावर सगळ्यात जास्त घासाघीस झाली, किमतीपेक्षाही जास्त. मालक दोनदा उठून गेले. शेवटी पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतलं.

तीन लाख शहाण्णवला सौदा ठरला. वीस हजार इसार, गाडी नेताना तीन लाख छत्तीस हजार, चाळीस मागं. म्हणजे पुठ्ठ्यापेक्षा सोळा हजार जास्त. का दिले? गव्हाचं रान पडून होतं, भाड्यानं रोटाव्हेटर एकरी अठराशे घेत होता आणि त्यातही आठ दिवसांचा नंबर. शिवाय कारखाने चालू व्हायच्या तोंडावर ट्रॅक्टर घ्यायला जाणं म्हणजे लग्नसराईत सोनं घेणं. ऊस वाहतूकवाले याच दिवसांत गाड्या उचलतात. हंगाम संपला की मार्च-एप्रिलात तेच लोक हप्ते थकले म्हणून विकायला आणतात. मला थांबता आलं असतं तर मी थांबले असते. मालकांना ते माझ्या तोंडावरून कळत होतं.

एक सांगायचं राहिलं. मालक मध्येच पंचावन्न एचपीच्या गाडीकडं ओढत होते. पन्नास एचपीच्या वरच्या नव्या गाड्यांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले, त्यानं त्या महाग झाल्या आणि त्यात इलेक्ट्रॉनिक भानगड आली. म्हणून त्याआधीच्या, साध्या पंपाच्या पंचावन्न एचपीच्या जुन्या गाड्या यार्डवाले सोन्याच्या भावानं विकतात. गावचा मिस्त्री त्या खोलू शकतो, हे खरं आहे. पण सहा एकराला पंचावन्न एचपी म्हणजे उंदराला मारायला तोफ.

आणि आता माझं. आपण फार शहाण्या असल्यासारखं लिहितेय, पण मॅसी विकताना मीही काय केलं? आरसीची पंधरा वर्षांची मुदत २०१९ ला संपली, तेव्हा पाच वर्षांसाठी वाढवली होती, ती २०२४ ला परत संपली आणि आम्ही आळसानं वाढवली नाही. यार्डानं त्यावर बोट ठेवून बदल्यात फक्त एक लाख चाळीस धरले. मला राग आला. घरी आणून धुतला, बॉनेटला रंग मारून घेतला, नवं मोबिल ऑइल भरलं, आणि बार्शीकडचा एक शेतकरी बघायला येणार त्या सकाळी पोरानं अर्धा तास आधी चालू करून ठेवला. मी त्याला थांबवलं नाही. त्या माणसानं बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मग मी सगळं सांगितलं, चढाला दम लागतो तेसुद्धा. एक लाख पासष्टला गेला. त्यानं ठिबकच्या बागेत फवारणीलाच वापरायचा होता, चढ त्याच्याकडं नव्हताच.

घेतल्यावरचा खर्चही लिहिते, नाहीतर पुठ्ठ्याची गोष्ट अर्धी राहील. क्लचला तेरा नाही, पंधरा हजार दोनशे लागले. हायड्रॉलिकचं नशीब, नुसत्या रिंगा आणि सीलवर भागलं, तीन हजार आठशे. बॅटरी पाच हजार नऊशे, किंगपिन बरोबर चार. टायर अजून बदलले नाहीत, उन्हाळ्यानंतर बघू. पण दोन गोष्टी मिस्त्रींच्या नजरेतून सुटल्या. मागच्या एक्सलचं ऑइल सील दोन्ही बाजूंनी गळत होतं, त्याचे पाच हजार चारशे, आणि सेल्फ मोटर, तीन हजार सहाशे. सुरुवातीचा अडखळता सेल्फ आम्ही नुसता बॅटरीवर ढकलला होता. सीलचं कारण मात्र यार्डच. गाडी प्रेशरनं इतकी धुतलेली की गळतीचा डाग राहिलाच नव्हता. मिस्त्री आता म्हणतात, जुनी गाडी बघायची तर चिखलातली बघावी. मी म्हणते, दीड हजार परत करा. करत नाहीत.

नावावर व्हायला आठवड्याऐवजी अडुसष्ट दिवस लागले. बँकेची एनओसी यायलाच चाळीस गेले. त्या काळात मालकांनी मागं ठेवलेल्या चाळीस हजारांसाठी मला अकरा फोन केले, मी त्यांना एनओसीसाठी चौदा. पैसे मागं ठेवले नसते तर माझे चौदा फोन कुणी उचलले असते असं मला वाटत नाही. नाव दिसलं त्याच दिवशी संध्याकाळी मी पैसे पाठवले, आणि त्यांनी मान्य केलं पाहिजे की त्यांनीही शब्द फिरवला नाही.

पाचपैकी साडेतीन देते. गाड्या भरपूर, चेसिस नंबर खरे, घासाघिशीत माणूस चिडत नाही, पुठ्ठा दाखवला तर वाचतो. अर्धा गुण गरम बॉनेटचा आणि पेरणीच्या थापेचा कापला. एक गुण, पहिले तीन तास माझ्याशी न बोलण्याचा.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. या खेपेला पोराला नाही, मला. "वहिनी, एक रोटाव्हेटर आलाय, सहा फुटी, एका हंगामाचा." मी विचारलं, गिअरचा की चेनचा, आणि पाती किती झिजलीत? जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "तुम्हीच येऊन बघा. धुतलेला नाही अजून." शनिवारी जाणार आहे. मिस्त्रींना सांगून ठेवलंय.